तुंबा, चरक आणि दोरी ओढणारा

विश्वकर्म्याने एकदा प्रत्यक्ष सूर्याला कातले होते, ही कथा आपल्याकडे पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. त्याची कन्या संज्ञा हिला पतीचे तेज सहन होईना, तेव्हा जावयाची समजूत घालून त्याने त्याला आपल्या भ्रमयंत्रावर चढविले, त्याच्या तेजाचा काही अंश तासून काढला आणि खाली पडलेल्या त्या जळत्या ढलप्यांपासून विष्णूचे चक्र, शिवाचे त्रिशूळ व इतर देवांची आयुधे घडविली, असे पुराणकार सांगतात. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवराला आलेल्या अवंतीच्या राजाची बारीक व वाटोळी कंबर वर्णिताना कालिदासाने याच कथेचा आश्रय केला आहे, आणि त्यावरून असा तर्क करण्यास हरकत नाही की, उज्जयिनीच्या त्या रसिक कवीने केव्हातरी एखाद्या कातार्‍याच्या दुकानासमोर थबकून, ओबडधोबड लाकूड फिरता फिरता गुळगुळीत कसे होत जाते हे डोळे भरून पाहिले असले पाहिजे. मात्र पटाशी कोणाच्या हातात होती हे इतक्या आवडीने सांगणारे पुराणिक आणि कवी, त्या यंत्राची दोरी कोण ओढीत होते याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. सूर्यासारखा धगधगता गोळा फिरता ठेवणे हे काही हलके काम नव्हे. पण तो गडी कोण, त्याला मजुरी काय मिळाली, त्याच्या हाताला फोड आले की नाही, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय सूर्याहून पुष्कळ लहान आहे. गाडीच्या चाकाच्या मधोमध जो लाकडी ठोकळा असतो, ज्याच्या पोटातून आस जातो आणि ज्याच्या अंगात आरे रोवलेले असतात, त्याला आपला सुतार तुंबा म्हणतो. भोपळ्याशी असलेले त्याचे साम्य पाहिले म्हणजे हे नाव ठेवणार्‍याच्या नजरेचे कौतुक वाटते. संस्कृतात तीच नाभी, आणि इंग्रज चाककर्त्याच्या तोंडचा ‘नेव्ह’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याच कुळातला. सर्व आरे जसे नाभीत येऊन मिळतात तसे सर्व काही एका तत्त्वात मिळते, हा दृष्टांत उपनिषदांतील ऋषींना फार आवडला; आणि ज्या समाजात रथकाराला वर्षा ऋतूत अग्न्याधान करण्याचा स्वतंत्र अधिकार दिलेला होता, त्या समाजातील तत्त्वज्ञाला सुताराच्या अंगणातला दृष्टांत सुचावा यात नवल काहीच नाही. परंतु नाभी ज्या कारणाने तत्त्वज्ञाला प्रिय झाली त्याच कारणाने ती कारागिराला जन्मभर धाकात ठेवीत आली. सर्व काही तेथे येऊन मिळते, म्हणजे चाकाला बसणारा प्रत्येक धक्का तेथेच येऊन पोचतो. आणि तो ज्या लाकडाने सोसायचा त्याच लाकडाला मधल्या भागात बारा किंवा चौदा भोके पाडून, पोटातून आसासाठी आरपार पोखरून, जवळजवळ पोकळ करून ठेवावे लागते. या पोखरलेल्या ठोकळ्याला फुटू न देणारे दोनच आधार असतात: त्याच्या दोन्ही टोकांवर तापवून चढविलेली लोखंडी कडी, आणि त्याची स्वतःची निर्दोष गोलाई. पैकी पहिला आधार दुसर्‍यावर अवलंबून असतो. कारण ठोकळा जर तंतोतंत गोल नसेल तर कडे त्याला चार-दोन उंचवट्यांवर तेवढे चिकटते, बाकी जागी पोकळी राहते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आटले की कडे हातात येते. पुन्हा नुसते गोल असूनही भागत नाही. बाहेरची गोलाई आणि आतला आस यांचा मध्य एकच असावा लागतो. तो हुकला तर परिघही हुकतो आणि गाडी लंगड्या माणसासारखी चालू लागते.

वाकस घेऊन डोळ्याच्या अंदाजाने ही गोलाई साधणारे हात आपल्या मुलखात होते, नाही असे नाही. आठ पैलू, मग सोळा, मग त्यांचे कंगोरे मोडून वर्तुळ, ही रीत जुनीच आहे. तरीही चाकाच्या सर्व अवयवांपैकी यंत्राची गरज प्रथम लागली ती तुंब्याला. आरे हाताने तासता येतात आणि परिघाचे पाटे करवतीने कापून वाकसाने घडविता येतात, पण तुंबा फिरविल्याशिवाय त्याचा दोष दिसतच नाही. म्हणून तुंब्याचा इतिहास हा बर्‍याच अंशी चरकाचा, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्राचा, इतिहास आहे, आणि तो जिथे सर्वांत सुस्पष्ट दिसतो त्या इंग्लंड व अमेरिका या दोन देशांतच तो प्रथम पाहणे बरे.

चरकाचे मूळ रूप साधे आहे. दोन अणींमध्ये लाकूड अडकवायचे, त्याच्याभोवती दोरीचा एक वेढा घ्यायचा, आणि ती दोरी ओढायची. आपला कातारी ती कमानीला बांधून एका हाताने मागेपुढे करतो, दुसर्‍या हाताने पटाशी धरतो आणि पायाच्या अंगठ्याने तिची धार नेमक्या जागी दाबून ठेवतो. काम मोठे असले की दोरीची दोन्ही टोके दुसर्‍या माणसाच्या स्वाधीन करतो. युरोपातील कातारी उभा राहून काम करीत असल्याने त्याचे पाय मोकळे होते. तेव्हा त्याने दोरीचे वरचे टोक एका लवचीक काठीला आणि खालचे टोक पायाने दाबायच्या फळीला बांधले. दोन्ही पद्धतींत एक व्यंग समान होते. लाकूड अर्धा वेळ पुढे फिरे आणि अर्धा वेळ उलटे; पटाशी कापी ती पुढच्या फेर्‍यात, आणि मागच्या फेर्‍यात तिला किंचित उचलून धरावे लागे. लाटणे, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय यांना एवढी गती पुरे. वाटीएवढ्या वस्तूला तर ती सोयीचीच. पण फूटभर जाडीचा, वाळल्यावरही पंधरा शेरांच्या घरात जाणारा ठोकळा एकदा पुढे ढकलायचा, थांबवायचा आणि मागे ओढायचा, म्हणजे सारी शक्ती त्याचा हट्ट मोडण्यातच खर्ची पडे, आणि प्रत्येक थांब्याच्या ठिकाणी पटाशीचा एक ओरखडा लाकडावर उमटून राही.

या व्यंगावर उपाय निघाला तो मोठ्या चाकाचा. जोसेफ मॉक्सन नावाच्या लंडनच्या ग्रंथकाराने १६७७ पासून निरनिराळ्या हस्तव्यवसायांची माहिती हप्त्याहप्त्याने छापावयास आरंभ केला, त्यात कातकामाच्या प्रकरणी या मोठ्या चाकाचे वर्णन आहे. काठीच्या किंवा पायाच्या चरकाला न झेपणार्‍या जड कामासाठी ते वापरीत. रचना अशी, की चरकापासून काही हातांवर पुरुषभर उंचीचे एक स्वतंत्र लाकडी चाक उभे करावे, त्याला मूठ बसवावी, त्याच्या परिघावरून एक दोर किंवा पट्टा घेऊन तो चरकाच्या लहान चाकावर चढवावा, आणि मुठीपाशी एक किंवा दोन मजबूत माणसे लावावी. मोठे चाक सहा फुटांचे आणि लहान आठ इंचांचे धरले, तर मुठीच्या एका फेर्‍यात तुंबा नऊ वेळा फिरतो. माणसाने मिनिटाला पंचवीस फेरे दिले तर तुंब्याचे सव्वादोनशे होतात, आणि मुख्य गोष्ट ही की ते सर्व एकाच दिशेने होतात. मोठ्या चाकाच्या अंगी असलेले वजन येथे उपकारक ठरते. एकदा ते फिरू लागले की पटाशी लाकडात रुतली तरी गती एकदम अडत नाही.

या सुधारणेचे महत्त्व केवळ गतीत नव्हते. दोरीच्या चरकावर कातणारा आणि फिरविणारा बहुधा एकच माणूस असे, निदान एकाच्या श्वासाशी दुसर्‍याचा श्वास बांधलेला असे. मोठ्या चाकाने त्या दोघांना कायमचे वेगळे केले. एक ज्ञानाचा धनी, दुसरा बळाचा. एकाची मजुरी वेगळी, दुसर्‍याची वेगळी. आणि बळाच्या धन्याच्या जागी उद्या घोडा, परवा पाणचक्की, तेरवा वाफ बसवावयास कोणाचीच हरकत नाही, असा त्या रचनेचा मथितार्थ होता. तो लगेच कोणाच्या लक्षात आला असे मात्र दिसत नाही, कारण खेड्यापाड्यांतून चाके घडविणार्‍यांच्या कार्यशाळांत हे मोठे चाक पुढे दोन शतके माणसाच्याच हाताने फिरत राहिले.

अशा एका कार्यशाळेचे वर्णन जॉर्ज स्टर्ट या गृहस्थाने लिहून ठेवले आहे, आणि हस्तव्यवसायांविषयी इंग्रजीत जे लिहिले गेले त्यात त्याच्या तोडीचे फारच थोडे असेल असे माझे मत आहे. सरे परगण्यातील फार्नहॅम गावी त्याच्या आजोबाने १८१० साली ही कार्यशाळा विकत घेतली होती. स्टर्ट स्वतः शाळामास्तर, पुस्तकांत रमणारा. १८८४ साली वडील गेले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास त्याला लाकूड, लोखंड आणि आपल्याहून दुप्पट वयाचे कारागीर यांच्या मध्ये उभे राहावे लागले. त्या गोंधळलेल्या तरुणाने जे पाहिले ते त्याने १९२३ साली ‘द व्हीलराइट्स शॉप’ या पुस्तकात मांडले. तेथील तुंबे एल्म वृक्षाचे असत. या झाडाचे तंतू सरळ जात नाहीत, एकमेकांत गुंतत, वळसे घेत जातात. म्हणून त्याची फळी नीट फाडता येत नाही, आणि फाडता येत नाही हाच तुंब्याच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण. आरे ओकचे, कारण त्यांना ताठपणा हवा. पाटे अ‍ॅशचे, कारण त्यांना लवचीकपणा हवा. आणि ज्याने या दोघांना घट्ट धरून ठेवायचे त्याला हट्टीपणा हवा, असा तो हिशेब होता. आपल्याकडे हा मान बाभळीला मिळाला.

एल्मचा ओंडका तुंब्याच्या लांबीचे तुकडे करून, मधला गाभा गिरमिटाने आरपार पोखरून, वर्षानुवर्षे वाळत ठेवीत. गाभा पोखरण्याचे कारण असे, की झाडाचे अख्खे खोड, मध्यभागी त्याचे हृदय, अशा स्थितीतच तुंबा घडतो. ते बाहेरून वाळू लागले आणि आतून ओले राहिले तर बाहेरची कातडी उकलून खोल भेगा पडतात. आतूनही वारा लागला म्हणजे दोन्हीकडून वाळणे बरोबरीने होते. पाच वर्षांनी, कधी त्याहूनही पुष्कळ उशिरा, तो ठोकळा कुर्‍हाडीने साधारण वाटोळा करून चरकावर चढे. तयार झाला म्हणजे तो अकरा ते बारा इंच जाड आणि बारा ते तेरा इंच लांब असे. स्टर्टला नुकताच कातलेला तुंबा फार सुंदर वाटे. पण हे सौंदर्य आपल्या डोळ्यांत नसून त्या लाकडाने आठवण करून दिलेल्या कुंपणांत आणि मोकळ्या रानांत असावे, असे तो प्रामाणिकपणे कबूल करतो.

कातारी येथे केवळ गोल करून थांबत नसे. मधला भाग फुगीर ठेवून दोन्ही बाजूंना कड्यांसाठी उतरत्या पायर्‍या काढाव्या लागत; आणि आरे कोठे बसायचे ते दाखविणार्‍या बारीक रेघा ठोकळा फिरता असतानाच पटाशीच्या टोकाने ओढून घ्याव्या लागत, कारण फिरत्या लाकडावर ओढलेली रेघ कधी वाकडी जात नाही. ती रेघही बहुधा एक नसे, दोन असत. सगळी भोके एकाच वर्तुळावर घेतली तर तेवढ्याच पट्ट्यात लाकूड दुबळे होते, म्हणून एक आरा किंचित पुढे आणि एक किंचित मागे. हे झाल्यावर तुंबा चरकावरून उतरे आणि भोके पाडणार्‍याच्या ताब्यात जाई. चरकाचा संबंध येथे संपला असे वाटेल, परंतु पुढे चाक पुरे होईपर्यंत जे जे माप घ्यायचे ते त्या कातलेल्या पृष्ठावरूनच घेत असल्याने, पहिल्या तासाभरात झालेली चूक शेवटच्या दिवशी उघडकीस येई.

या साखळीतील सर्वांत नाजूक कडी होती ती कातार्‍याच्या मुठीत धरलेली पटाशी. गती सुधारली, पण हत्यार अजून मानवी हाताच्या आधाराने आडव्या पट्टीवर टेकलेले होते. जड ठोकळा सुरुवातीला उड्या मारी, गुंतलेले तंतू पटाशीला कधी ढकलीत तर कधी ओढून घेत, आणि गुळगुळीतपणा हा सर्वस्वी मनगटाच्या हवाली राही. ही कडी बदलण्याचा विचार ज्याच्या डोक्यात प्रथम पद्धतशीरपणे आला त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा रशियात सरदार पोटेम्किनच्या चाकरीत होता; अडाणी मजुरांवर एका जागेवरून नजर ठेवता यावी म्हणून वाटोळ्या इमारतीची कल्पना त्याला तेथे सुचली, आणि तीच पुढे जेरेमीने आपल्या सुप्रसिद्ध वर्तुळाकार तुरुंगाच्या योजनेत घेतली. त्या तुरुंगातील कैद्यांना काम काय द्यायचे, हा प्रश्न आला. कैदी म्हणजे सुतार नव्हेत. तेव्हा ज्यात कौशल्याची गरजच उरणार नाही अशी लाकूडकामाची यंत्रे सॅम्युएलने योजिली, १७९१ व १७९३ या साली त्यांवर हक्काच्या सनदा घेतल्या, आणि वेस्टमिन्स्टर येथील भावाच्या घरी ती मांडून दाखविली. त्या घरात गाडीच्या चाकाचे सर्व भाग यंत्राने तयार होत, हाताला काम उरे ते फक्त जुळणीचे. तुरुंग काही उभा राहिला नाही. पण चाकाच्या इतिहासात हे विसरण्यासारखे नाही की, हत्यार यंत्राच्या मुठीत देण्याची कल्पना गोलाईच्या प्रेमातून निघाली नव्हती. ज्याला काही येत नाही आणि जो पळूनही जाऊ शकत नाही अशा माणसाला कामाला कसे लावावे, या विवंचनेतून ती निघाली.

यानंतरच्या काही पायर्‍या धातुकामाच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांचा नुसता उल्लेख पुरे. हेन्री मॉडस्ले याने १७९७ च्या सुमारास हत्यार लोखंडी गाड्यावर पक्के बसवून, मळसूत्राने पुढेमागे सरकविण्याची रचना परिपूर्ण केली. आणि मार्क ब्रुनेलच्या योजनेवरून त्यानेच पोर्ट्‌समथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या करणारी पंचेचाळीस यंत्रे घडवून दिली, ज्यांच्या साहाय्याने दहा माणसे एकशे दहा माणसांचे काम करू लागली. कप्पी आणि तुंबा ही भावंडेच. एकीवरून दोर फिरतो, दुसरा आसाभोवती फिरतो.

आता अमेरिकेकडे वळू. मॅसॅच्युसेट्‌स संस्थानातील सटन गावी १७८८ साली जन्मलेल्या टॉमस ब्लँचर्डविषयी अशी गोष्ट सांगतात, की तेरा वर्षांचा असताना त्याने सफरचंदे सोलण्याचे यंत्र केले. पहिल्या प्रयत्नात चाकू खोल जाई. तेव्हा हाताने सोलणारा माणूस आपला अंगठा फळावर टेकवून सालीची जाडी कशी सांभाळतो हे त्याने निरखून पाहिले, आणि चाकूला तसाच एक टेकू बसविला. या पोराने अंगठ्याचे काम लोखंडाला शिकविले, एवढेच त्या गोष्टीचे तात्पर्य. पुढे आयुष्यभर त्याने दुसरे काही केले नाही. १८१८ साली मिलबरी येथील बंदुकांच्या कारखान्यात नळीचा मागच्या टोकाकडचा भाग, जो पुरता गोल नसतो, चरकावर कातण्याची युक्ती त्याने बसवून दिली. तेव्हा दस्ते करणारा एक कारागीर म्हणाला म्हणतात की, माझे काम तरी हा बाबा हिरावून घेऊ शकत नाही, कारण बंदुकीचा दस्ता कोणाला कातता येणार! ब्लँचर्डने यावर विचार करतो एवढेच उत्तर दिले, आणि १८१९ व १८२० या साली त्याच्या नावे सनद निघाली.

त्याची युक्ती अशी. एका अक्षावर लोखंडाचा नमुना आणि कोरे लाकूड दोन्ही बसवायची, दोघांना एकाच मंद गतीने फिरवायचे. नमुन्यावर एक गुळगुळीत चकती टेकवायची आणि लाकडावर तेवढ्याच व्यासाची, धारदार पात्यांची, वेगाने फिरणारी दुसरी चकती. पहिली चकती नमुन्याच्या उंचवट्यावर चढली की दुसरी मागे हटते, ती खळग्यात उतरली की दुसरी आत जाते. आणि काही मिनिटांत नमुन्याचे जुळे भावंड तयार होते. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत या पद्धतीची यंत्रे बसली, काँग्रेसने त्याच्या सनदेची मुदत १८३४ साली आणि पुन्हा १८४८ साली वाढवून दिली, आणि दस्त्यांपाठोपाठ बुटांचे साचे, कुर्‍हाडीचे दांडे आणि गाडीचे आरे त्याच मार्गाने निघू लागले. आर्‍याचा छेद अंडाकृती असल्याने त्याला ब्लँचर्डचा संपूर्ण खटाटोप आवश्यक होता. तुंबा बिचारा मुळातच गोल. त्याला इतक्या चातुर्याची गरज नव्हती. परंतु आकार कारागिराच्या डोक्यात असण्याचे कारण नाही, तो नमुन्यात असला तरी पुरे, हा धडा तुंब्याच्या चरकानेही घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जे निव्वळ तुंबे करणारे कारखाने निघाले, त्यांतील चरक आपल्या कल्पनेतल्या चरकाहून अगदी वेगळा होता. ओहायओ संस्थानात डिफायन्स मशीन वर्क्स, आणि सिनसिनाटी येथे जे. ए. फे यांचा कारखाना, असे मोठे कारखाने चाकांची यंत्रे घडवून देशभर पुरवीत. त्या चरकात ठोकळा दोन अणींत घट्ट धरला जाई. प्रथम गाड्यावर बसविलेली जाड पटाशी एका टोकापासून दुसर्‍यापर्यंत सरळ सरकून त्याची साल व कंगोरे काढी. मग तुंब्याच्या बाह्याकृतीप्रमाणेच धार घासलेली रुंद पाती ठोकळ्यावर येऊन भिडत, आणि फुगीर पोट, पायर्‍या, गलथे हे सारे एकाच दमात उमटे. ऐकायला हे सोपे वाटते, आणि येथेच खरी अडचण होती. फूटभर रुंदीची धार जर एकाच क्षणी सरळ लाकडाला लागली तर तिला होणारा विरोध इतका जबर असतो, की ठोकळा थरथरू लागतो, लाकडावर बारीक लाटा उठतात आणि गुंतलेले तंतू कापले न जाता उपटले जातात. म्हणून सांगाडा लाकडाऐवजी ओतीव लोखंडाचा केला; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाते तिरके बसविले, अशा बेताने की त्याची धार एका टोकाकडून क्रमाक्रमाने लाकडाला लागत जावी. भाजी चिरणारी गृहिणी सुरी नुसती दाबत नाही, सरकवीत दाबते, तेच तत्त्व. खरवडलेल्या आणि कापलेल्या पृष्ठांतील भेद डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळतो, पण चाकाला तो सर्वांत अधिक कळतो: उपटलेल्या तंतूंच्या मुळाशी पाणी मुरते, तेथे रंग धरत नाही, आणि कड्याखाली कुजायला आरंभ होतो. गुळगुळीतपणा हा नुसता गिर्‍हाईक भुलविण्याचा नखरा आहे असे मी फार दिवस समजत होतो. एका जुन्या चाकाचे कडे काढून पाहिल्यापासून मी ते मत सोडले.

या चरकाने तुंबे एकसारखे झाले, आणि एकसारखेपणाचे परिणाम गोलाईपेक्षाही दूरवर गेले. कडी, आतील लोखंडी नळ्या, आरे हे सारे मापाप्रमाणे वेगवेगळ्या गावी तयार होऊ लागले. १८५७ साली जेम्स सार्व्हन याने तर लाकडी तुंब्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी चकत्या बसवून आरे त्यांच्यामध्ये आवळण्याची सनद घेतली. लाकूड लहान झाले, एल्मच्या हट्टाची किंमतही तेवढीच उतरली. ज्या तुंब्यासाठी फार्नहॅममध्ये मालक आपल्या बापाने वाळत घातलेले लाकूड वापरीत होता, तो येथे पेठेत डझनावर मिळू लागला.

आपल्या दख्खनशी या इतिहासाचा धागा कोठे जुळतो, हे पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीला जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पादापर्यंत देशावर मालाची ने-आण मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई. कुणब्याच्या घरी असलाच तर घन चाकांचा अवजड गाडा असे, जो ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि जो शिवाराबाहेर सहसा जात नसे. घन चाकाला आरे नाहीत, म्हणून त्याला खर्‍या अर्थाने तुंबाही नाही. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाची सडक चाकाच्या वाहनांना खुली केली, आणि मग त्या सडकेवरून जाईल असे वाहन रयतेपाशी नाही ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली. पुढे इंदापूरच्या बाजूला जमिनीची मोजणी व जमाबंदीची नवी व्यवस्था चालू असताना, १८३६ च्या सुमारास, विंगेट व लेफ्टनंट गेसफर्ड या मोजणीखात्यातील अधिकार्‍यांनी दोन बैलांना सहज ओढता येईल अशा हलक्या, आर्‍यांच्या चाकांच्या गाडीचा आराखडा केला, आणि तिचा कारखाना टेंभुर्णीस काढला. सारावसुली करणार्‍या खात्याने गाड्या घडवाव्या हे वरकरणी विचित्र दिसते, पण धान्य पेठेत गेल्याशिवाय सारा रोकड येत नाही, हे ज्याला कळते त्याला त्यात विचित्र काही वाटणार नाही. त्या साली ब्लँचर्डच्या सनदेची मुदत नुकतीच वाढली होती, आणि फार्नहॅमला स्टर्टच्या आजोबांना धंद्यात पडून पाव शतक झाले होते. देशावरच्या सुताराने या गाडीचा नमुना इतक्या लवकर आत्मसात केला, की दोन पिढ्यांनंतर ती परक्याने आणली हे कोणाला सांगूनही पटले नसते. नमुना घेतला, शब्द मात्र त्याने आपलेच ठेवले. तुंबा, आरे, पाटे, धाव, आस, यांतला एकही विलायतेहून आलेला नाही.

तिकडे स्टर्टने अखेर गॅसवर चालणारे एंजिन आणले. त्याला करवती जोडल्या, सहाण जोडली आणि चरकही जोडला. आपण हे मनुष्यबळ वाचविण्यासाठी केले, पण हाताच्या धंद्याचा शेवट आपणच ओढवून घेत होतो, हे त्या वेळी लक्षात आले नाही, असे त्याने म्हातारपणी लिहिले आहे. या कबुलीत त्याला सर्वाधिक सलतात ते ओंडके कापणारे कारागीर. मोठ्या चाकाच्या मुठीवरचा माणूस त्याच्याही शोकात दुय्यमच राहिला.

त्या माणसाविषयी मला जो थोडा जिव्हाळा आहे त्याचे कारण खाजगी आहे. आमच्या गावी सुताराच्या पडवीत एक दोरीचा चरक होता. बाभळीचा तुंबा चढवायचा असला की तो रस्त्यावरच्या पोरांना हाक मारी, आणि आम्ही दोघे-दोघे मिळून चामड्याची वादी आळीपाळीने ओढीत असू. तो पटाशीवरून नजर न काढता ‘हं, हं’ एवढेच म्हणे. त्यात ‘ओढा’ आणि ‘सोडा’ हे दोन्ही अर्थ आम्हाला ऐकू येत. तळहात सोलवटून निघत, नाकातोंडात बाभळीचा तुरट कीस जाई, आणि दुपार झाली म्हणजे ठोकळ्यावर पहिल्यांदा ती एकसारखी, न तुटणारी चकाकी दिसे, जिला हात लावायला तो आम्हाला देत नसे. मजुरी म्हणून उरल्या तुकड्यातून एक भोवरा कातून मिळे. माझ्या वाट्याला आलेला भोवरा थोडा लंगडत फिरे; पुढच्याच आठवड्यात तो आडात पडला.